फेसलिफ्ट करायची आहे? मग लपवू नका

रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावात 'प्लास्टिक सर्जरी' हा शब्द पूर्वी दोनच वेळा कानावर यायचा. कुणी भाजले तर, किंवा बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्मले तर. याच तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. विठ्ठल लहाने लातुरात अशा ओठांच्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात, त्यामुळे त्या बाबतीत आपल्या भागातले लोक अडाणी नाहीत. अलीकडे मात्र हा शब्द तिसऱ्या कारणाने येऊ लागला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या महिला, आणि आता पुरुषही, मोबाइलवरची जाहिरात पुढे करून हळू आवाजात विचारतात, "डॉक्टर, गाल वर ओढून घेतात म्हणे. खरंच होतं का असं?"

होते. त्याला फेसलिफ्ट म्हणतात. ही शस्त्रक्रिया शंभर वर्षांहून अधिक काळ होत आली आहे आणि योग्य माणसाने, योग्य रुग्णावर, योग्य ठिकाणी केली तर बहुतेकांना समाधान देते. ती करून घ्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पांढरे केस काळे करणाऱ्याला आपण नावे ठेवत नाही, तर गाल वर करून घेणाऱ्याला का ठेवावीत?

पण लोक नावे ठेवतात, आणि धोका तिथूनच सुरू होतो. घरात न सांगता शहरात जायचे, सर्जनला तंबाखूचे सांगायचे नाही, भूलतज्ज्ञाला बीपीच्या गोळीचे सांगायचे नाही, 'साधीच गोष्ट आहे' म्हणत दोन दिवसांत परतायचे. या लपवालपवीने होणारे नुकसान सर्जनच्या सुरीने होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी नसते. म्हणून या शस्त्रक्रियेआधी काय माहीत असावे आणि काय सांगून टाकावे, ते एका फिजिशियनच्या नजरेतून लिहितो. शस्त्रक्रिया सर्जन करतो, पण तिला शरीर तयार आहे का हे पाहण्याचे काम आमच्याकडे येते.

आधी चेहरा का बदलला ते पाहा

प्रत्येक उतरलेला चेहरा वयाने उतरलेला नसतो. सहा महिन्यांत गाल बसले, डोळे खोल गेले, कपडे सैल झाले, तर आधी साखर, क्षयरोग, थायरॉइड आणि कर्करोगाची तपासणी हवी. चेहरा सुजल्यासारखा, जड दिसत असेल तर थायरॉइड आणि मूत्रपिंड तपासावे लागते. संध्याकाळ झाली की पापण्या गळतात, सकाळी ठीक असतात, असे असेल तर स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. आणि चेहऱ्याची एकच बाजू अचानक खाली आली, बोलणे अडखळू लागले, हातातले बळ गेले, तर तो पक्षाघाताचा झटका समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

आपल्या भागात आणखी दोन कारणे फार आढळतात. एक म्हणजे दात. मागच्या दाढा गेल्या की जबड्याचे हाड झिजते, गाल आत जातात आणि ओठांभोवती घड्या पडतात. अशा माणसाला आधी दंतवैद्याकडे नेऊन चांगली कवळी बसवली, तरी चेहरा बराच भरून येतो. दुसरे म्हणजे गोरे होण्यासाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टेरॉइडची मलमे. महिनोन्महिने लावल्याने कातडी पातळ, लालसर होते आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. अशी कातडी शस्त्रक्रियेला चांगली साथ देत नाही. ते मलम हळूहळू कसे बंद करायचे, हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे लागते. एकदम बंद केले तर चेहरा भडकतो.

नेमके काय करतात?

वय वाढते तशी चेहऱ्याची कातडी सैल होते, हे आपल्याला दिसते. न दिसणारा बदल तिच्या खाली असतो. कातडी आणि चरबीखाली स्नायूंना धरून एक चिवट थर असतो. १९७६ मध्ये फ्रान्समधील मिट्झ आणि पेरोनी या डॉक्टरांनी त्याची रचना नीट मांडली. हा थर आणि त्याला जोडलेली चरबी खाली सरकते, म्हणून जबड्याच्या रेषेवर गाल लोंबतात आणि मान सैल पडते. जुन्या काळी फक्त कातडी ओढून शिवत. तिचा परिणाम लवकर ओसरे आणि चेहरा ताणलेला दिसे. आता सर्जन आतला थर उचलून घट्ट बसवतात आणि वरची कातडी ताण न देता शिवतात.

छेद कानशिलाजवळच्या केसांपासून सुरू होतो, कानाच्या पुढून खाली येतो, पाळीला वळसा घालून कानामागे जातो आणि तिथल्या केसांत संपतो. मानेचे काम असेल तर हनुवटीखालीही एक लहान छेद असतो. साधारण तीन ते पाच तास लागतात. भूल पूर्ण देतात किंवा गुंगीचे औषध देऊन भाग बधिर करतात.

यातून जबड्याची रेषा, लोंबते गाल आणि मान सुधारते. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांवरच्या बारीक रेषा, वांग आणि काळे डाग यांनी जात नाहीत. त्यांचे उपचार वेगळे आहेत. आरशासमोर बसून दोन्ही कानांपुढची कातडी बोटांनी किंचित मागे-वर सरकवा. एखाद्या सेंटिमीटरने जो फरक दिसेल, साधारण तेवढाच फरक अपेक्षित धरावा. मोबाइलचा फिल्टर दाखवतो तो चेहरा कोणताही सर्जन देऊ शकत नाही.

परिणाम टिकतो साधारण सात ते दहा वर्षे. घड्याळ मागे जाते, थांबत नाही. त्यानंतरही वय आपले काम करतच राहते.

पुण्याचा कावसजी आणि तंबाखूची डबी

चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचे एक मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेसोबत होता. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. १७९३ मध्ये पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याचे नाक पुन्हा बसवले. मेणाचा साचा करून कपाळावर तेवढी कातडी आखली, ती सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी शिवली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचे वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने बरीच वर्षे तयारी केली आणि १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

त्या कुंभाराचे कौशल्य एका गोष्टीत होते. कपाळाची कातडी त्याने पूर्ण तोडली नाही. भुवयांच्या मधोमध ती जोडलेली ठेवली. त्या चिंचोळ्या पट्टीतून रक्त येत राहिले, म्हणून कातडी जगली. फेसलिफ्टचा नियमही हाच आहे. कानाकडून गालाची कातडी सोडवून उचलतात तेव्हा ती नाका-तोंडाच्या बाजूने येणाऱ्या रक्तावर जगते. कानामागचे टोक रक्तापासून सर्वांत लांब असते. रक्त कमी पडले तर आधी तेच काळे पडते.

आता तंबाखूचा विचार करा. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. अमेरिकेतील डॉ. रीस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये फेसलिफ्ट झालेल्या अकराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूम्रपान करणाऱ्यांत कातडी मरण्याचा धोका इतरांच्या सुमारे बारा पट निघाला. म्हणून अनेक सर्जन धूम्रपान करणाऱ्यांवर ही शस्त्रक्रिया करतच नाहीत.

इथे आपल्याकडे एक गैरसमज आहे. 'मी ओढत नाही, फक्त चुना लावून खातो' किंवा 'मी फक्त सकाळी मिश्री लावते' असे लोक सांगतात. रक्तवाहिनीला निकोटिन तोंडातून आले की फुप्फुसातून, याचा फरक पडत नाही. विडी, तंबाखू, गुटखा, मिश्री हे सगळे शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे पूर्ण बंद हवे. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्टी वापरत असाल तर तेही सांगावे, कारण त्यातही निकोटिनच असते.

गुटखा आणि सुपारी आणखी एक गोष्ट करतात. तोंडातले आवरण कडक होते आणि जबडा पूर्ण उघडत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे रुग्ण अजून रोज दिसतात. पूर्ण भूल देताना घशातून नळी घालावी लागते. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील, तर हे भूलतज्ज्ञाला आधीच दाखवा. भूल दिल्यावर कळले तर ते जिवावर बेतू शकते.

बीपी, साखर आणि गोळ्यांची पिशवी

फेसलिफ्टनंतरचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कातडीखाली रक्त साकळणे. शंभर महिलांत साधारण एक ते तीन जणींना हे होते. पुरुषांत प्रमाण याहून बरेच जास्त असते, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. बहुतेक वेळा हे पहिल्या चोवीस तासांत घडते, आणि त्यामागे वाढलेला रक्तदाब असतो.

म्हणून शस्त्रक्रिया ठरवण्याआधी काही आठवडे बीपी आटोक्यात असल्याची नोंद हवी. एका दिवसाचे चांगले रीडिंग पुरत नाही. बीपीची गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्यासोबत घ्यायची की टाळायची, हे भूलतज्ज्ञ सांगतात. स्वतःच्या मनाने सोडू नका. नंतरचा खोकला, उलटी, बद्धकोष्ठता, दुखणे यांनीही बीपी उसळतो. जुना खोकला असेल तर तो आधी बरा करून घ्या.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सातच्या आसपास असावी. आठच्या वर असेल तर घाई करू नये. जखम भरणे आणि जंतुसंसर्ग टाळणे दोन्ही साखरेवर अवलंबून असते. ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत माझी एकच विनंती आहे. घरात जे काही घेता ते सगळे एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. त्यात रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या असतील, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या असतील, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या गोळ्या असतील. यांतल्या अनेकांनी रक्तस्राव वाढतो. गावोगावी मिळणारी सांधेदुखीची पुडीही पिशवीत टाका. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते, आणि ते अचानक बंद झाले की मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

मात्र हृदयात स्टेंट असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. गोळी थांबवणे शक्य नसेल तर फेसलिफ्ट थांबवावी. चेहऱ्यासाठी हृदय पणाला लावण्यात शहाणपण नाही.

वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शने आता सर्रास घेतली जातात. त्यांनी पोट हळू रिकामे होते. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेले असू शकते आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्याही शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन कमी करायचे असेल तर ते आधी करा, सहाएक महिने स्थिर ठेवा आणि मगच चेहऱ्याचा विचार करा. नाहीतर वजन उतरल्यावर गाल पुन्हा सैल होतात.

आणखी कोणते धोके?

चेहऱ्याचे हावभाव चालवणारा मज्जातंतू याच भागातून जातो. त्याच्या एखाद्या फांदीला इजा झाली तर भुवई उचलणे किंवा ओठ वाकडा होणे अशी अडचण येते. बहुतेकदा ती काही आठवड्यांत-महिन्यांत भरून येते, क्वचित कायम राहते. कानाच्या पाळीला संवेदना देणारा मज्जातंतू सर्वांत जास्त दुखावतो. पाळी बधिर असली की गरम ड्रायरने भाजले तरी कळत नाही, जड कुडी ओढली गेली तरी कळत नाही. पाळी पूर्ववत होईपर्यंत कानातले हलकेच बरे.

आपल्या सावळ्या कातडीचा एक फायदा आहे. सुरकुत्या उशिरा येतात. तोटा असा की व्रण काळे पडण्याची किंवा जाड, उंच होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली असेल, लसीच्या जागी किंवा छातीवर जुना व्रण फुगून राहिला असेल, तर तो सर्जनला आवर्जून दाखवा. पुरुषांच्या बाबतीत दाढीची कातडी कानाजवळ किंवा कानामागे सरकते, तिथेही नंतर वस्तरा फिरवावा लागतो. हे आधी माहीत असावे.

मनाचाही विचार हवा. जोडीदार गेल्यावर, घटस्फोटानंतर किंवा नोकरी सुटल्यावर लगेच असा निर्णय घेऊ नये. दुःखातून बाहेर पडायला वेळ द्यावा. कुणी नवरा, सून किंवा मैत्रीण सांगते म्हणून करून घेणारा रुग्ण क्वचितच समाधानी होतो. आणि ज्याला दिवसभर आरशात एकच लहानसा दोष दिसत राहतो, इतरांना तो दिसतही नाही, त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाची मदत लागते.

सर्जन कोण, जागा कोणती?

प्लास्टिक सर्जन होण्यासाठी एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी ही पदवी घ्यावी लागते. म्हणजे एमबीबीएसनंतरही साधारण सहा वर्षांचे प्रशिक्षण. पाटीवर 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'ब्यूटी सर्जन' लिहिले असेल तर त्यापुढची पदवी वाचा. काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर चेहरा उघडण्याचा अधिकार मिळत नाही. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केसरोपण आणि सौंदर्यविषयक प्रक्रियांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण यासाठी पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अशी सूचना काढण्याची वेळ आली, यातच सगळे आले. २०१९ मध्ये मुंबईत केसरोपणानंतर एका उद्योजकाचा मृत्यू झाला होता. केस लावण्याला आपण किरकोळ समजतो. फेसलिफ्ट तर त्याहून कितीतरी मोठी शस्त्रक्रिया आहे.

जागा नोंदणीकृत रुग्णालयाची हवी. तिथे भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर हवेत, प्राणवायू आणि आपत्कालीन औषधे हवीत, रात्री डॉक्टर हवा आणि गरज पडली तर जवळ आयसीयू हवे. पार्लरच्या मागच्या खोलीत किंवा हॉटेलात भरलेल्या शिबिरात ही शस्त्रक्रिया होत नाही.

सर्जनला भेटाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

• वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता?
• माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या रंगाच्या रुग्णांचे आधीचे आणि वर्षानंतरचे फोटो दाखवाल का?
• माझ्या चेहऱ्यात काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही?
• भूल कोण देणार? शस्त्रक्रियेआधी त्यांची भेट होईल का?
• रात्री सूज आली तर फोन कोण उचलेल, आणि मी कुठे यायचे?
• दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च कोणाचा?

संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. 'आजच पैसे भरले तर सवलत' असे कुणी म्हणत असेल, तर तिथून उठून यावे.

पैसा आणि विमा

खर्च लाखांच्या घरात जातो. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, औषधे, तपासण्या आणि नंतरच्या भेटी असा वेगवेगळा लेखी अंदाज घ्या. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो. आरोग्य विम्यातूनही ती वगळलेली असते. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतर चेहरा पुन्हा घडवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मात्र वेगळी धरली जाते, जन्मजात व्यंगावरच्या शस्त्रक्रियेला जीएसटी लागत नाही, आणि दुभंगलेल्या ओठाच्या बाळांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत उपचाराची सोय आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी गरज असेल तर संकोच न करता सरकारी रुग्णालयात चौकशी करा. केवळ तरुण दिसण्यासाठी शेत गहाण टाकू नका किंवा हप्त्यांचे कर्ज काढू नका. या शस्त्रक्रियेवाचून कुणाचे अडत नाही.

नंतरचे तीन आठवडे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याभोवती पट्टी असते, कधी रक्त बाहेर काढणारी बारीक नळी असते. ती एक-दोन दिवसांत निघते. टाके पाच ते दहा दिवसांत काढतात. सूज आणि काळे-निळेपण दोन ते तीन आठवडे राहते. चेहरा ताठ आणि बधिर वाटणे काही महिने चालू शकते. खरा निकाल कळायला सहा महिने ते वर्ष लागते. पहिल्या आठवड्यात आरशात पाहून अनेकांना रडू येते, हे नेहमीचे आहे.

डोके उंच ठेवून झोपा. दोन-तीन आठवडे वाकून झाडणे, घागर उचलणे, जोर लावणे टाळा. केसांना रंग लावायचा असेल तर आधी लावा, नंतर महिनाभर तरी नको. उन्हापासून व्रण काही महिने जपावे लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. घाम, धूळ आणि ऊन या तिन्हींचा त्रास टाळायचा असेल तर पावसाळ्यानंतरचे थंड दिवस बरे. मुलामुलीचे लग्न असेल तर किमान तीन महिने आधी करा. मुहूर्ताच्या पंधरा दिवस आधी केली तर वरमाय सुजलेल्या चेहऱ्याने मांडवात उभी राहील.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. लातूरहून पुणे किंवा मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. शस्त्रक्रिया तिथे होणार असेल तर टाके निघेपर्यंत, म्हणजे किमान आठ-दहा दिवस, त्याच शहरात थांबा. सोबत घरचे एक जबाबदार माणूस हवे. एका बाजूचा गाल झपाट्याने सुजू लागला, टणक झाला, एकाच बाजूला तीव्र दुखू लागले, श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जायचे. साकळलेले रक्त वेळेत काढले तर कातडी वाचते. ताप, पू, कातडी काळसर पडणे, पोटरी सुजून दुखणे यांसाठीही थांबू नका. रात्री दोन वाजता, अनोळखी लॉजवर, घरी 'मैत्रिणीकडे गेले' असे सांगून आलेल्या बाईला कोण घेऊन जाणार? लपवण्याची किंमत अशी मोजावी लागते.

सुईचे उपायही सर्वांसाठी नसतात

सुरी नको म्हणून लोक बोटॉक्स, फिलर किंवा धाग्यांकडे वळतात. बोटॉक्स कपाळाच्या आणि डोळ्यांभोवतीच्या आठ्यांवर तीन-चार महिने चालते. फिलर खोलगट जागा भरते आणि महिन्यांत विरते. धाग्यांचा परिणामही थोडका टिकतो. लोंबते गाल आणि सैल मान यांवर हे फारसे काम करत नाहीत. पण फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर कातडी मरू शकते, क्वचित डोळ्याची दृष्टी जाऊ शकते. म्हणून ही इंजेक्शने पार्लरमध्ये घेऊ नयेत. तीही प्रशिक्षित डॉक्टरांकडेच घ्यावीत.

आणि ज्यांना काहीच करायचे नाही त्यांनी उन्हात जाताना डोक्यावर पदर किंवा रुमाल, चेहऱ्याला सनस्क्रीन, तंबाखू बंद, दात सांभाळलेले आणि वजन स्थिर, एवढे जपले तरी चेहरा वयाला शोभून राहतो. तिशी-पस्तिशीतल्यांना बहुतेक वेळा एवढेच पुरते.

फेसलिफ्ट करायचीच असेल तर खुशाल करा. मात्र त्याआधी तीन जणांना सगळे खरे सांगा. सर्जनला तंबाखूचे आणि जुन्या व्रणांचे सांगा, भूलतज्ज्ञाला गोळ्यांचे आणि जबड्याचे, आणि घरातल्या एका माणसाला शस्त्रक्रियेचा दिवस आणि रुग्णालयाचा पत्ता. तालुक्याच्या रुग्णालयात बीपी, साखर आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला या. आम्ही का करताय म्हणून विचारणार नाही. शरीर तयार नसेल तर तसे स्पष्ट सांगू, आणि तयार कसे करायचे तेही सांगू.